वास खालून येतोय

१२ जानेवारी

आजपासून डायरी. नवीन वर्षाला बारा दिवस उशीर झाला, पण तो माझ्यामुळे नाही. सौ.ने दिलेलं पेन दर ओळीला रुसतं.

संकल्प: रोज लिहायचं. चिडायचं नाही. कुणी मुद्दाम चिडवलं तर मात्र सोडायचं नाही.

दारावर नोटीस चिकटवलेली आहे. "रूटीन प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स इन्स्पेक्शन." दर तीन महिन्यांनी! म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना, काही बिघडलंय का ते बघायला परकं माणूस आपल्या घरात शिरणार. मालकाने ही नवी कंपनी नेमल्यापासून बिल्डिंगमध्ये नुसता उच्छाद मांडलाय. भाड्याने राहतो म्हणून काय कपाटं उघडून दाखवायची? तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात मी दुसऱ्यांचा माल तपासला. वासाचं खातं माझं. मला कारखान्यात "नाक" म्हणायचे. आता नाकाला तपासणार म्हणे!

१५ जानेवारी, सकाळी

आली. निळं जाकीट, डोक्याला पट्ट्याने बांधलेला टॉर्च, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. नाव सांगितलं होतं. मी लक्षात ठेवलं नाही. टॉर्चवाली म्हणू.

आल्या आल्या छतावरच्या स्मोक अलार्मला काठीने ढोसलं. तो असा किंचाळला की सौ.चा चहा बशीत. मग एक्झॉस्ट फॅनच्या जाळीला टिश्यूपेपर चिकटतो का ते बघत बसली. चिकटला. आनंद बिनंद काही नाही. नळ, खिडक्यांचे रबर, सिंकखालचा पाइप. नंतर ती सॅम्पल रूमकडे वळली.

घरात बाथरूम दोन, माणसं दोन. त्यातलं लहान बाथरूम निवृत्तीनंतर मी शास्त्रीय कामासाठी घेतलं. नळ घट्ट बंद. भिंतीला फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि खोक्यांत मी पास केलेल्या प्रत्येक साबणाची एकेक वडी. तिथे पाण्याचा थेंब चालत नाही. दमट हवेत साबणाला घाम सुटतो आणि वास उडतो. सौ. म्हणते, बाथरूमभर साबण आणि अंघोळीला बंदी, असं घर तिने जन्मात पाहिलं नाही. तिची विनोदबुद्धी माहेरची आहे.

तर टॉर्चवालीने मला न विचारता खालचं खोकं पायाने सरकवलं, फरशीतल्या जाळीवर उजेड पाडला आणि मगभर पाणी सरळ आत ओतलं. माझ्या सॅम्पल रूममध्ये! मी चिडलो नाही. मोठ्याने विचारलं, एवढंच. ती म्हणाली, रूटीन आहे, वापर नसेल तर जाळीत अधूनमधून पाणी ओतत जा. आणि गेलीसुद्धा पुढच्या खोलीत.

तिला द्यायचं उत्तर आत्ता सुचलंय: "माझ्या घरात पाणी कुठे ओतायचं ते मी ठरवीन." पुढच्या वेळी वापरायचं.

ता. क. काही दिवस घरात बारीकसा कुबट वास येत होता. संध्याकाळी नव्हता. विचार करण्यासारखं आहे.

१६ जानेवारी

विचार केला. उलगडा झाला. खालची!

आमच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमध्ये राहते. शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त, एकटी. बाल्कनीत कुंड्यांचं रान आणि कोपऱ्यात एक हिरवं पिंप. त्या पिंपात ओल्या कचऱ्याचं खत करते. काल इन्स्पेक्शन होतं म्हणून पिंप घासूनपुसून साळसूदपणे बसली असणार. लगेच वास गेला. इतकं सरळ आहे.

सौ. तिला "बाई" म्हणते आणि रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसते. शत्रूपक्षाशी चहापान!

८ मार्च

मधले दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही. (पेन.)

वास परत आलाय. बसून पद्धतशीर पृथक्करण केलं. वर नासकं अंडं, मध्ये भिजकं पोतं, तळाला गटार. खताच्या पिंपाची अगदी सही आहे.

सौ. म्हणाली, मला तर लहान बाथरूमकडून येतोय. म्हटलं, तिथे नुसते साबण आहेत, साबणाला कधी वास येतो का? ती खूप वेळ हसत बसली. का ते विचारलं नाही. असल्या हसण्याला खतपाणी घालायचं नसतं.

२९ मार्च

लेकीचा फोन. ऑगस्टमध्ये बाळ येणार हे माहीतच होतं. नवी बातमी अशी की ऑक्टोबरात जावई महिनाभर ट्रेनिंगला परगावी जाणार, तेव्हा ती बाळाला घेऊन इकडे राहायला येणार. पूर्ण महिना! जावयाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण ट्रेनिंगची कल्पना त्याला पहिल्यांदाच बरी सुचली.

मी लगेच प्लॅन केला. पाळणा पुढच्या खोलीत, खिडकीपासून लांब. बाळाला इथली पहिली अंघोळ माझ्या साबणाने. सॅम्पल नंबर सात, दूध-बदाम, मी पास केलेला सर्वांत सौम्य साबण. कारखान्याने तो काढलाच नाही, म्हणे परवडत नाही. जगात त्याची एकच वडी उरली आहे आणि ती माझ्याकडे आहे. कागदातून वास घेतला. जसाच्या तसा! लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आधी तो घरातला वास घालवा, मागच्या वेळी मला दोनदा उलटी झाली होती.

घालवतो. ऑक्टोबरच्या आत खालचीची खोड मोडली नाही तर नाव लावणार नाही.

१४ एप्रिल

दुसरं इन्स्पेक्शन. मी सॅम्पल रूमच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. नेमका तेव्हाच कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. त्याला खालचीच्या पिंपाबद्दल मी तीनदा कळवलं होतं, त्याचं उत्तर. हा बहाद्दर म्हणतो, आम्ही जाऊन पाहिलं, पिंपाला घट्ट झाकण आहे, वास नाही. मी म्हटलं, तुमच्या नाकाची तपासणी कोण करतं? यावर त्याने बराच वेळ घेतला. रेंज नीट यावी म्हणून मला बाल्कनीत जावं लागलं.

परत येऊन बघतो तर सॅम्पल रूमची फरशी ओली! टॉर्चवाली बुटांचे ठसे उमटवून पुढे गेलेली. जानेवारीतलं उत्तर तोंडाशी आलं होतं, पण ती जिन्यात पोहोचली होती आणि जिन्यातून ओरडणं माझ्या स्वभावात नाही.

संध्याकाळी: वास नाही!! म्हणजे बघा. इन्स्पेक्शन आलं की वास जातो. जानेवारीत तेच, आज तेच. पुरावा अजून काय पाहिजे? टॉर्चवालीच्या धाकाने खालची त्या दिवशी पिंप साफ करते. सौ.ला समजावून सांगितलं. ती म्हणाली, अहो, पण त्या बाईने आपल्याकडे पाणी ओतलं ना. म्हटलं, तेच तर! त्या पाण्याने साबणांची वाट लागेल. तिला माझा मुद्दा कळला नाही.

२ जून

वास पुन्हा जोरात. आज रंगेहाथ पकडायचं ठरवून न कळवता खाली गेलो. निमित्त: साखर.

खालचीने दार उघडलं. मी उंबऱ्यातूनच खोल श्वास घेतला. लिंबाची पानं, इस्त्रीचे कपडे, पुस्तकं. बाकी काही नाही. म्हणजे एक थेंबही नाही! तीस वर्षं मी हाच धंदा केलाय. चरबीचा वास लपवायला आम्ही लव्हेंडर घालायचो, ही लिंबू वापरते. पोचलेली बाई आहे.

पिंप बघायला मागितलं. तिने झाकण उघडून दाखवलं. आत काळी माती. ओल्या मातीचा वास. मी तिला बजावलं की मला फसवणं सोपं नाही. ती वर्गातल्या पोराकडे बघावं तशी चष्म्यावरून बघत राहिली आणि म्हणाली, साखर किती हवी?

साखर घेतली. घ्यावीच लागली.

११ जुलै

उद्या इन्स्पेक्शन. यावेळी मूर्ख बनणार नाही. सॅम्पल रूमला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

१२ जुलै

जिंकलो. टॉर्चवालीने किल्ली मागितली. म्हटलं, सापडत नाही. ती म्हणाली, शोधा, थांबते. मी फ्रिजमध्ये, चपलांच्या कपाटात, उशीखाली शोधली. किल्ली खिशात खुळखुळत होती, म्हणून मधूनमधून खोकावं लागलं. शेवटी ती वैतागली. म्हणाली, ऑक्टोबरला ही खोली उघडी पाहिजे, आणि तोवर जाळीत पाणी ओता. सौ.लाही तेच सांगून गेली. पाणी, पाणी, पाणी! दुसरं काही येतच नाही हिला.

संध्याकाळी वास गेला नाही.

१३ जुलै

आजही आहे. याचा अर्थ उघड आहे. खालचीला आता इन्स्पेक्शनचाही धाक उरलेला नाही. निर्ढावली.

सौ. म्हणाली, किल्ली द्या, मी दोन मग पाणी ओतते, बघू तरी. म्हटलं, मी मेल्यावर. ती म्हणाली, तेवढं थांबायला नको, वासानेच आपण दोघं जाऊ. आणि दुपारचं जेवण झाकून ठेवून खाली निघून गेली. हल्ली तिच्या दुपारी फार लांबतात.

३ ऑगस्ट

बिल्डिंगमध्ये सह्यांची मोहीम. मजकूर मी लिहिला, कडक. सगळे मजले पायी चढलो, कारण लिफ्टमध्ये खालची होती. एकाने दार उघडलंच नाही. दुसरीने विचारलं, कसला वास? एकजण म्हणाला, बाईंनी माझ्या पोराला गणित शिकवलं, मी सही करणार नाही. एकूण सही एक, कुत्रेवाल्याची. त्याला वाटलं, लिफ्टबद्दल आहे. ते कळल्यावर त्याने ती खोडली.

भित्रे लोक. माझी लढाई मी एकटा लढीन.

१९ ऑगस्ट

नात झाली!! लेक सुखरूप. फोटो आला. नाक माझं आहे. सौ. म्हणते, इतक्या लवकर काही कळत नाही. मला कळतं. सरळ, टोकाला किंचित गोल, कामाचं नाक.

दिवसभर कुणाशी भांडलो नाही. मॅनेजरला फोन करून बातमी दिली. तो म्हणाला, अभिनंदन, आणि पिंपाचं काय? म्हटलं, आज नको.

२८ ऑगस्ट

पिंपाचं पुन्हा हाती घेतलं. ऑक्टोबर जवळ आला. मॅनेजरला रोज फोन करायचं ठरवलं. एकदा सकाळी, एकदा दुपारी. जेवणाच्या सुट्टीत केला की चांगला लागतो.

९ सप्टेंबर

विजय! खालचीने पिंप काढून टाकलं. मॅनेजर म्हणाला, कंपनीने तिला काही सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच काढलं. शाळेच्या बागेला देऊन टाकलं. कुंड्याही अर्ध्या दिल्या. सौ.ने विचारलं तर बाई म्हणाल्या म्हणे, बाळ येतंय ना वर, त्यांच्या जिवाला स्वस्थता मिळू दे. हे सांगताना सौ.चे डोळे भरून आले. शत्रूने पांढरं निशाण दाखवलं की आपल्याकडच्या माणसांनी रडायचं नसतं.

बाल्कनीतून खाली वाकून बघितलं. पिंपाच्या जागी फरशीवर गोल डाग. बघून समाधान वाटलं.

१२ सप्टेंबर

वास आहे.

१३ सप्टेंबर

जास्तच आहे. सूड घेतेय. पिंपाऐवजी काहीतरी वेगळं सुरू केलंय. काठीने जमीन ठोकली. पाच मिनिटांत खालची स्वतः वर आली. पहिल्यांदाच. दारातच म्हणाली, वास मला येत नाही, पण तुम्हाला येतोय म्हणजे कुठूनतरी येतोच आहे, तुमचं लहान बाथरूम उघडा बघू, दोघं मिळून पाहू.

"बघू" म्हणे! मी काय चौथीतला पोरगा आहे? माझ्या घरातली खोली, माझं कुलूप. मी दार लावलं. जरा जोरात लागलं. वाऱ्याने.

सौ. रात्रीच्या जेवणाला एक शब्द बोलली नाही. बरं वाटलं, शांतता. नंतर तेवढं बरं वाटलं नाही.

१० ऑक्टोबर

लेक उद्या येणार. तयारी जय्यत. पाळणा आला. घरभर उदबत्त्या, कोपऱ्याकोपऱ्यात लव्हेंडरच्या पुड्या, पंखे फुल. सॅम्पल नंबर सात कापसात गुंडाळून ठेवला. सौ. म्हणाली, आता गटारात कुणी अत्तर ओतल्यासारखं वाटतंय. तिच्या नाकाला ट्रेनिंग नाही.

११ ऑक्टोबर, दुपारी

लेक आली. नात माझ्या हातात दिली. इतकीशी, मुठी आवळलेल्या, कपाळावर आठी. आठीसुद्धा माझीच! मी म्हटलं, ये गं माझी नाकाडी. तेवढ्यात ती शिंकली. एक, दोन, तीन. मग अशी रडायला लागली की निळीजांभळी. लेकीने नाकाला ओढणी लावली आणि विचारलं, बाबा, इथे काही मेलंय का?

मी तिला सविस्तर सांगायला लागलो. जानेवारीपासून. एप्रिलपर्यंत पोचलो तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. सौ. पोरीला घेऊन खाली गेली होती, लेक पाठोपाठ. "जरा शांत होईपर्यंत."

११ ऑक्टोबर, संध्याकाळी

अजून खालीच आहेत.

१२ ऑक्टोबर

पाळणासुद्धा नेला. लेकीने दोन माणसं बोलावली आणि उचलून नेला. मी विचारलं, माझी नात माझ्या शत्रूच्या घरात झोपणार? ती म्हणाली, बाबा, तिकडे ती झोपते, हाच मुद्दा आहे.

सौ. कपडे घ्यायला वर आली. म्हटलं, तू पण? ती म्हणाली, पोरीला मदत नको का? दारात थांबून म्हणाली, तुमचं नाक आणि तुम्ही, राहा दोघं सुखाने.

१७ ऑक्टोबर

खालून नातीचा आवाज येतो. रडण्याचा कमी. बहुतेक हसते, किंवा त्या वयात जे करतात ते. खालची तिला काहीतरी म्हणून दाखवते. पाढे असतील. मी फरशीला कान लावून ऐकलं. गुडघे दुखतात.

खाली जाणार नाही. त्यांनी वर यायला पाहिजे. तत्त्वाचा प्रश्न आहे.

दोनदा जिन्याच्या वळणापर्यंत गेलो. व्यायाम म्हणून.

२० ऑक्टोबर, सकाळी

फार झालं. आज नाकाला पूर्ण मोकळीक दिली आणि वासाचा माग काढत घरभर फिरलो. पुढची खोली, पॅसेज, सॅम्पल रूमचं दार. कुलूप काढलं. आत गुडघ्यावर बसलो, खोकी सरकवली. जाळी! तिथे नाक नेलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. म्हणजे खालची पाइपातून वर सोडतेय! पिंप हा नुसता देखावा होता. काय डोकं आहे!

ठरलं. ज्या वाटेने तिचं वर येतं त्याच वाटेने आपलं खाली पाठवायचं. मोठी बादली भरली, अर्धी बाटली फिनेल. साबणांची सगळी खोकी बाहेर काढून कॉटवर ठेवली. मग बादली उचलली आणि "घे!" म्हणून अख्खी जाळीत रिकामी केली. गुडगुड करत खाली गेली. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, दुपारी

वास गेला!!!

फिनेल जरा आहे. पण तो नाही. पुढच्या खोलीत नाही, पॅसेजमध्ये नाही, जाळीवर नाक टेकवलं तरी नाही. एका बादलीत खालची शरण आली. हे जानेवारीतच करायला हवं होतं.

आता खाली जाऊन शरणागती स्वीकारतो. चिडून बोलणार नाही. मोठ्या मनाने. म्हणेन, झालं गेलं विसरून जाऊ, आता पाळणा वर पाठवा.

२० ऑक्टोबर, संध्याकाळी

खाली कुलूप होतं.

जिना झाडणारी म्हणाली, सगळ्या सकाळीच बाळाला लस द्यायला गेल्यात, बाईंनी टॅक्सी बोलावली होती, चौघी गेल्या. मी विचारलं, सकाळी म्हणजे केव्हा? ती म्हणाली, तुम्ही वर बादली आपटत होता त्याच्या कितीतरी आधी.

वर आलो. खुर्चीत बसलो.

घरात कुणी नव्हतं. मग शरण कोण आलं?

जानेवारी. टॉर्चवालीने पाणी ओतलं. वास गेला. एप्रिल. पाणी ओतलं. गेला. जुलै. कुलूप लावलं. नाही गेला.

आज बादली.

पेन चांगलं चालतंय. लिहायला काही नाही.

२१ ऑक्टोबर, सकाळी

टॉर्चवाली आली. खोली उघडीच होती. तिने वाकून जाळीत उजेड पाडला, आत पाणी दिसलं. म्हणाली, बरं केलंत, जाळीखालचं पाणी सुकलं की गटाराचा वास सरळ घरात येतो, बहुतेकांना माहीत नसतं. माझं जानेवारीतलं उत्तर तयार होतं. दिलं नाही. तिने अलार्मला ढोसलं, टिश्यूपेपर लावला आणि गेली.

खाली जाऊन काय म्हणायचं याचे तीन मसुदे केले. एकात चूक पाइपाची. दुसऱ्यात कंपनीची. तिसऱ्यात साबणांची. तिसरा सगळ्यांत पटण्यासारखा वाटला.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळी

स्वच्छ शर्ट घातला. नंबर सात कापसातून काढला. हुंगला. दूध, बदाम, जरासा मध. नऊ वर्षांनीसुद्धा! म्हटलं, काही का होईना, नातीची अंघोळ या साबणाने होणार आहे.

खालच्या बाईंनी दार उघडलं. मी तिसरा मसुदा सुरू करणार तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर नात दिसली, जागी, माझ्याकडे टक लावून बघणारी. तोंडातून एवढंच निघालं, वास गेला. आतून लेकीने विचारलं, कुठला? मी म्हटलं, आमचा.

सौ. भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

मी बसलो आणि नंबर सात लेकीच्या हातात दिला. म्हटलं, हा तिच्यासाठी, जगात एकच आहे. लेकीने नाकाशी नेला आणि हात असा लांब केला की वडी पडायचीच. सौ.कडे दिली. सौ.ने हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि बाईंकडे दिली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, एकदाच हुंगली, बाल्कनीचं दार उघडलं आणि वडी बाहेर फरशीवर ठेवून आल्या. हिरवं पिंप होतं तिथे. त्या गोल डागावर.

मी म्हटलं, असं काय करता, दूध-बदाम आहे. लेक म्हणाली, बाबा, गटार आहे. हळू म्हणाली. गेले कित्येक महिने तो साबण काय हुंगत बसला होता, तेच आता त्याच्यात मुरलंय. मी माझी बोटं हुंगली. मला बदामच आला. अजून येतोय.

तीस वर्षं मला नाक म्हणायचे.

नातीला घ्यायला हात पुढे केले तर बाई म्हणाल्या, आधी ते हात धुऊन या. गेलो. त्यांच्या बेसिनवर दुकानातला साधा पिवळा साबण, असला मी पहिल्या फेरीतच नापास केला असता. दोनदा लावला. परत आलो तर नात झोपली होती. कपाळावर आठी नव्हती.

मी सौ.ला विचारलं, मग आता पाळणा वर न्यायचा ना? ती म्हणाली, इथे बस्तान बसलंय तिचं, कशाला हलवता. महिन्यातले दहा दिवस तर गेलेसुद्धा. मी बाईंना म्हटलं, पिंपाचं... त्या म्हणाल्या, हळू बोला, ती उठेल. मग दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, उद्या या. चारनंतर जागी असते.

वर येऊन खोक्यांतली एकेक वडी हुंगून बघितली. चंदन, चंदन. गुलाब, गुलाब. सगळ्या अगदी जशाच्या तशा आहेत. हे कुणाला सांगायचं?

जाळीत मगभर पाणी ओतलं.

उद्या चारनंतर. रिकाम्या हाताने जायचं.